दाबावरचा पहारा

कारखान्यात वायू शिरतो तिथे, कुंपणालगतच्या जाळीआड, नळ्या आणि झडपांचा एक सांगाडा उभा असतो. त्याला सगळे स्किड म्हणतात. शहराच्या जाळ्यातून, समजा, 4 बार दाबाने आलेला वायू इथे भट्टीच्या बर्नरला सोसेल इतका उतरवला जातो. हा उतार केवढा? मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस 21 मिलिबारने येतो, म्हणजे जेमतेम 21 सेंटिमीटर उंच पाण्याचा दाब. बऱ्याच बर्नरांचा हिशोबही मिलिबारमध्येच चालतो. स्किडच्या अलीकडच्या नळ्या 4 बार सहज पेलतात. पलीकडचे मीटर आणि झडपांचे पडदे पेलत नाहीत.

मुख्य काम रेग्युलेटरचे. स्प्रिंग, रबरी डायफ्राम आणि त्याला जोडलेली झडप. पुढच्या पाइपातला दाब डायफ्रामला कळवते ती बारीक सेन्सिंग लाइन. दाब पडला की झडप उघडते, वाढला की मिटते. पण झडपेच्या बैठकीवर वेल्डिंगचा एक कण जरी अडकला, तरी ती पुरती मिटत नाही. भट्ट्या चालू असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. त्या बंद झाल्या, की पुढचा दाब चढत जातो.

म्हणून पहारा लागतो. एक उपाय म्हणजे मालिकेत दुसरा, मॉनिटर रेग्युलेटर. तो पुरेसा आहे असे मानणाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधली 13 सप्टेंबर 2018 ची दुपार आठवावी. लॉरेन्समध्ये ओतीव लोखंडाची जुनी वाहिनी बदलत होते. वायू नव्या वाहिनीत वळवला, पण सेन्सिंग लाइन जुन्या, तोडलेल्या पाइपवरच राहिल्या. तिथला दाब पडत गेला आणि रेग्युलेटर सताड उघडले. मॉनिटरही त्याच मेलेल्या पाइपचा दाब वाचत होता. साधारण 35 मिलिबारच्या जाळ्यात कितीतरी पट दाब शिरला. लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हरमध्ये 131 इमारतींचे नुकसान झाले आणि 18 वर्षांचा एक मुलगा गेला. दोन पहारेकरी एकाच कानाने ऐकत असतील, तर ते दोन नव्हेतच.

दुसरा उपाय रिलीफ व्हॉल्व्हचा. तो जास्तीचा वायू उंच नळीने मोकळ्या हवेत सोडतो. पण छोटा रिलीफ पूर्ण उघडलेल्या रेग्युलेटरचा सगळा लोट बाहेर काढू शकत नाही. त्याचे माप त्या लोटाप्रमाणेच ठरवायला हवे, आणि त्याच्या तोंडाजवळ ठिणगी चालत नाही.

माझा कौल स्लॅम शटला. ठरलेला दाब ओलांडताच ही झडप वायू तोडते, आणि माणसाने येऊन हाताने रिसेट केल्याशिवाय उघडत नाही. उत्पादन थांबते, म्हणून ती शिफ्टवाल्यांना नकोशी वाटते. मला तेच तिचे बळ वाटते, कारण रिसेट करणाऱ्याला दाब का चढला हे आधी शोधावे लागते. अट एवढीच, की तिची सेन्सिंग लाइन स्वतंत्र असावी आणि ती नेमक्या किती दाबाला पडते, हे ठरल्या वेळी दाब देऊन तपासलेले असावे. स्किडला हाताने उघडायची बायपास झडप असली, तर तिला कुलूप हवे आणि किल्ली जबाबदार माणसाकडे. बायपास उघडला, की वायू या सगळ्या पहाऱ्याला वळसा घालून थेट भट्टीकडे जातो.