एव्हरेस्टच्या वाटेवरची डोकेदुखी

एप्रिल-मे किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की दवाखान्यात काही ठणठणीत माणसे येऊ लागतात. त्यांना औषध नको असते, तंदुरुस्तीचे सर्टिफिकेट हवे असते. नेपाळात एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत पायी जायचे ठरलेले असते. रक्तदाब, छाती, साखर, ई.सी.जी. पाहून मी सही करतो. पण त्या कागदाची किंमत तीन हजार मीटरच्या वर फारशी नाही, हेही बजावतो. तिथे होणारा आजार इथे तपासून कळत नाही. रोज पाच किलोमीटर पळणाऱ्यालाही तो होतो. उलट तरणीताठी मुले भराभर चढतात आणि आधी आडवी होतात.

आपले कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या डोक्यावर आणखी बाराशे मीटरचा डोंगर ठेवला म्हणजे लुकलाचे विमानतळ येते. चालायला सुरुवात होते ती तिथून. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तिथेही शेकडा २१ च असते, पण हवेचा दाब निम्म्यावर येतो. म्हणजे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वास वाढतो, लघवी जास्त होते. मात्र त्याला काही दिवस लागतात, आणि ते दिवस पैसे टाकून विकत मिळत नाहीत.

दिवस दिले नाहीत तर वर पोचल्यावर काही तासांनी डोके दुखू लागते. सोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणे, गळाठा, चक्कर. बहुधा हे संध्याकाळी लॉजवर सुरू होते. या लॉजमधल्या खोल्या पातळ फळ्यांच्या आणि गारठलेल्या असतात. ऊब काय ती जेवणघरातल्या शेगडीपाशी. वरच्या गावांत तीत याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात, भोवती सगळी मंडळी गप्पा मारत बसलेली असतात. ज्याचे डोके दुखते तो मात्र गप्प असतो. रजा मंजूर झालेली, पैसे भरलेले, आणि बोललो तर उद्या मला मागे ठेवतील ही धास्ती. मग गुपचूप एक गोळी घेऊन तो सकाळी वर निघतो. माणसे दगावतात ती बहुधा अशी. ऊन लागले, उपास घडला, थंडी बाधली, अशी कारणे तिथे शोधू नयेत. उंचावर डोके दुखले तर ते उंचीमुळेच, असे धरून चालावे. त्या दिवशी वर जायचे नाही, तिथेच थांबायचे. वाढले तर खाली.

दोन लक्षणांना तर थांबायलाही सवड नाही. टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला सांगावे. तोल जात असेल, बोलणे असंबद्ध होत असेल तर मेंदूला सूज येत आहे. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, ओठ निळे पडत असतील तर फुप्फुसांत पाणी साठत आहे. अशा माणसाला रात्र असली तरी निदान पाचशे ते हजार मीटर खाली न्यावे. हेलिकॉप्टरची वाट पाहत बसू नये, आणि त्याला एकट्याला तर मुळीच धाडू नये.

हे टाळायचे तर तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज सुमारे पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. नामचे बाजार (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) इथे म्हणूनच दोन-दोन रात्री काढतात. ज्या सहलीच्या वेळापत्रकात त्या नाहीत, ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. फेरिचे गावात १९७३ पासून हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना हंगामात चालतो, तो ध्यानात असू द्या.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतल्यास शरीर लवकर जुळवून घेते. बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊ नये. लॉजवरचे लसणीचे सूप खुशाल प्यावे, पण ते औषध नव्हे. दारू आणि झोपेची गोळी मात्र वर्ज्य. थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी झोपायच्या बंद खोलीत नेऊ नये. तिच्या विषारी वायूनेही असेच डोके दुखते आणि माणूस झोपेतच जातो.

तुमचे ओझे वाहणारा हमाल पुष्कळदा खालच्या गावचा असतो. त्यालाही हा आजार होतो आणि रोजगार बुडेल म्हणून तोही बोलत नाही. रोज संध्याकाळी त्यालाही विचारावे.

निघताना परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. साधी डोकेदुखी एका मुक्कामात पुष्कळदा उतरते, आणि पूर्ण उतरल्यावर पुढे जायला हरकत नसते.