कॉम्प्युटर की मेकॅट्रॉनिक्स? दोन्ही हवे असेल तर आधी हे समजून घ्या

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेल्या वर्षी एक मुलगी कॅप राउंडचा पर्याय अर्ज घेऊन बसली होती. वडील मोटार रिवाइंडिंगचे काम करतात. आर्मेचर, बेअरिंग, कॉपर वायर हे शब्द तिला बारावीच्या पुस्तकाआधीच माहीत. मोबाईलवर पाहून पाहून पायथनही शिकलेली. तिने विचारले, "ताई, कॉम्प्युटर घेऊ की मेकॅट्रॉनिक्स? दोन्ही एकत्र होत नाही का?"

मी समाजशास्त्राची. मला मेकॅट्रॉनिक्स म्हणजे काय हेच धड सांगता येईना. मग शिकवणाऱ्यांना विचारले, शिकणाऱ्या मुलांना विचारले, नियम वाचले. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी घेऊन येतेच, म्हणून जे हाती लागले ते इथे मांडते.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्द जपानमधल्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ साली वापरात आणला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची ती जोड. घरातले वॉशिंग मशीन डोळ्यासमोर आणा. ड्रम, पट्टा, बेअरिंग हा यंत्राचा भाग. पाणी किती भरले हे ओळखणारा सेन्सर आणि मोटारीला वीज देणारे सर्किट हा इलेक्ट्रॉनिक्सचा भाग. आधी पाणी, मग फिरणे, मग पिळणे हा क्रम ठरवतो तो छोट्या चिपमधला प्रोग्रॅम. हे तिन्ही एकत्र जुळवणे म्हणजे मेकॅट्रॉनिक्स. कॉम्प्युटर सायन्समध्ये यातला शेवटचा भाग खोलात जाऊन शिकतात: डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क. कारखान्यातला रोबोटचा हात अचूक जागी नेणे हे एकाचे काम, कॅमेऱ्यातले चित्र पाहून कोणती वस्तू उचलायची हे ठरवणे दुसऱ्याचे. दोन्ही येणारा माणूस कमी सापडतो.

परदेशात यासाठी थेट जोडपदवी मिळते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात चार वर्षांची मेकॅट्रॉनिक्स अभियांत्रिकी आणि तीन वर्षांचे संगणकशास्त्र मिळून पाच वर्षांत पूर्ण करता येते. सातची पाच होतात कारण गणित, प्रोग्रॅमिंगसारखे विषय दोन्हीकडे धरले जातात. पण आपल्या मुलांनी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या दोन्ही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहेत. बारावीनंतरच्या पदवीला त्या मिळत नाहीत. त्यामुळे एजंट कर्जाचे गणित मांडू लागला तर जरा थांबा. पदवी इथे करून रोबोटिक्सच्या एम.एस.साठी बाहेर जाणे हा जास्त शहाणपणाचा रस्ता आहे.

मग इथे काय करता येते? एक मार्ग मायनरचा. एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात अभियांत्रिकीची पदवी साधारण १६० क्रेडिटची असते आणि वर १८ ते २० क्रेडिट जास्त केले की दुसऱ्या शाखेतली मायनर पदवी मिळते. राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार बहुविद्याशाखीय मायनरही अभ्यासक्रमात आले आहे. मात्र कोणते कॉलेज कोणत्या शाखेला कोणता मायनर देते हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. पर्याय भरण्याआधी त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम उघडून पाहा. हीच शाखा 'रोबोटिक्स अँड ऑटोमेशन' अशा नावानेही असते, तेही शोधा.

मुख्य शाखा कोणती ठेवायची? माझे मत मेकॅट्रॉनिक्सकडे झुकते. प्रोग्रॅमिंग घरी शिकता येते. एनपीटीईएलचे वर्ग फुकट आहेत, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत, रोबोट चालवणारी आरओएस ही प्रणाली मोफत आहे. पण सीएनसी मशीन, पीएलसीचे पॅनल, कंट्रोल सिस्टीमची लॅब आपल्या खोलीत येत नाही. त्यासाठी कॉलेजच लागते. शिवाय कॉम्प्युटरचा कटऑफ सहसा वर असतो, त्यामुळे त्याच गुणांत मेकॅट्रॉनिक्ससाठी बरे कॉलेज मिळण्याची शक्यता असते.

याच्या विरुद्ध बाजूही आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल अशी शाखांची नावे लिहिलेली असतात. मेकॅट्रॉनिक्स समकक्ष धरतात की नाही यावरून अर्ज बाद होऊ शकतो. गेटमध्ये मेकॅट्रॉनिक्सचा स्वतंत्र पेपर नाही, दुसऱ्या शाखेचा द्यावा लागतो. ज्या घरात सरकारी नोकरी हेच ध्येय आहे त्यांनी मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल घेऊन कॉम्प्युटरचा मायनर केलेला बरा.

दुसरा मार्ग दोन पदव्यांचा. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिली. दोन्ही वर्गात बसून करायचे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. अभियांत्रिकीचे वेळापत्रक पाहिले तर हे जवळजवळ अशक्यच. एक वर्गातून आणि एक ऑनलाइन, हे मात्र जमते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधली ऑनलाइन बी.एस. पदवी त्यासाठी अनेक जण घेतात. तिथे जेईई लागत नाही, पात्रता परीक्षा असते. पायऱ्या आहेत, मध्येच थांबले तरी प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हाती राहतो. अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्न गटाला फीमध्ये मोठी सवलत आहे. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. सेमिस्टरची परीक्षा आणि ही परीक्षा एकाच आठवड्यात आली की काय होते ते दोन्ही करणाऱ्या मुलांना विचारा.

आता शिष्यवृत्ती. इथेच आपली मुले अडकतात. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमात स्पष्ट आहे की एका टप्प्याचे शिक्षण पूर्ण करून त्याच टप्प्याचा दुसरा विषय घेतला तर शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणजे 'आधी बी.एस्सी. कॉम्प्युटर करतो, मग इंजिनिअरिंग' हा विचार महागात पडतो. दुसऱ्या पदवीची फी खिशातून जाते. एका अभ्यासक्रमावर शिष्यवृत्ती चालू असताना दुसऱ्यासाठीही मिळेल असे धरून चालू नका. म्हणून नियम सोपा ठेवा: जिची फी जास्त तिला महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिप, आणि दुसरी स्वस्त असेल तरच. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, पण तिलाही हजेरीची आणि उत्पन्नाची अट आहे. ऑनलाइन पदवीच्या नादात कॉलेजची हजेरी घसरली तर राहण्या-जेवणाचे पैसेही अडकतील.

अभ्यासाचा क्रमही डोक्यात असू द्या. पहिल्या वर्षी दुसरे काही अंगावर घेऊ नका. गणिताचे पेपर आणि प्रोग्रॅमिंग पक्के करा, कारण डिफरन्शियल इक्वेशन आले नाही तर कंट्रोल सिस्टीम कळत नाही आणि मॅट्रिक्स आले नाही तर रोबोटिक्स. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर आणि मायक्रोकंट्रोलर सोबत चालतात, तेव्हा मायनर सुरू करा. तिसऱ्या वर्षी आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेसारखे काहीतरी हाताने करा. एकही विषय मागे राहिला असेल तर ऑनलाइन पदवीची एक टर्म खुशाल सोडा.

आणि कागदपत्रे. राज्यातल्या प्रवेशाला जात वैधता लागते, तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करता येतो. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, तरी चुकीच्या नमुन्यामुळे जागा गमावलेली मुले मला भेटली आहेत.

त्या मुलीने मेकॅट्रॉनिक्स घेतले. पहिले वर्ष संपले, गणिताचा एक पेपर राहिला होता तोही निघाला. कॉम्प्युटरच्या मायनरचा अर्ज आता भरायचा आहे. सुटीच्या दिवशी ती अजूनही वडिलांच्या दुकानात मोटारी उघडते.