आनंद बाटलीत मिळतो का हो?

'स्ट्रेस कमी, झोप छान, मूड एकदम मस्त!' रात्री साडेअकराला मोबाइलवर बोट फिरवताना ही जाहिरात तुम्हालाही दिसली असेलच. कुणी ड्रॉप्स विकतंय, कुणी गमीज, कुणी हेम्प सीड्सची पावडर. आणि प्रत्येक डब्यावर एक भारदस्त शब्द... एंडोकॅनाबिनॉइड सिस्टीम. म्हणे तिला 'सपोर्ट' द्यायचा असतो. आता ही कोण बया? आणि तिला आपल्या सपोर्टची खरंच गरज असते का?

शोधला गांजा, सापडला आनंद

गोष्ट सुरू होते इस्रायलमध्ये. १९६४ साली राफाएल मेकूलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, वेगळा काढला. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅलिन हौलेट आणि विल्यम डेव्हेन यांना मेंदूत त्याचं नेमकं 'कुलूप' सापडलं. त्याला आज सीबी-१ म्हणतात. प्रश्न असा, की एका झाडाच्या किल्लीसाठी निसर्गानं आपल्या डोक्यात कुलूप कशाला बसवलं? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. शरीर स्वतःचीच किल्ली बनवतं! तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. होय, आपल्या संस्कृतातल्या 'आनंद'वरून. १९९५ मध्ये तिची बहीण सापडली, टू-एजी.

या दोघी करतात काय? समजा मीटिंगमध्ये एकजण बोलतच सुटलाय, आणि ऐकणारा हळूच खुणावतो, 'बस झालं आता.' मेंदूतल्या पेशींमध्ये हे काम यांचं. संदेश घेणारी पेशी उलट निरोप पाठवून समोरच्या पेशीचा आवाज कमी करते. भूक, झोप, वेदना, भीती, मूड... सगळीकडे हा व्हॉल्यूम कंट्रोल असतो. माल आधीपासून साठवलेला नसतो. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या फॅटपासून तिथल्या तिथे बनतो, काम झालं की मोडून टाकला जातो.

म्हणूनच या सिस्टीमशी खेळ महागात पडतो. रिमोनाबंट नावाची वजन कमी करणारी गोळी २००६ मध्ये युरोपात आली. सीबी-१चं कुलूप बंद करायचं, भूक कमी, वजन कमी, असा तिचा साधा फंडा. वजन उतरलं, पण काहींच्या मनावर डिप्रेशन चढलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये गोळी बाजारातून उठली. गांजा हा उलट्या बाजूचा शॉर्टकट. तो मेंदूभर एकदम ओतला जातो, जिथे हवा तिथेच थांबत नाही. शिवाय १९८५चा एनडीपीएस कायदा आहेच.

'तू झोपतो कव्हा?'

हे सगळं डोक्यात घेऊन मी जानेवारीत यावलला गेले होते. माझा एक मित्र मूळचा तिकडचा, सध्या पुण्यात नाइट शिफ्ट करतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीच्या बागांमध्ये हिवाळ्यात भरीत पार्ट्यांचा सीझन असतो. त्यातून यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी म्हणजे विषयच संपला. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. शेतात काड्या पेटवून हिरवीगार वांगी भाजली जात होती. सोबत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी.

मित्रानं खिशातून ड्रॉप्सची महागडी बाटली काढली. ऑफिसच्या चेकअपमध्ये शुगर बॉर्डरलाइनला आली, वजन वाढलं, संध्याकाळ झाली की चिप्स आणि वडापावसाठी जीव कासावीस होतो, म्हणून हा 'सपोर्ट'. त्याच्या आजीनं बाटली उलटसुलट करून बघितली आणि एकच विचारलं, 'ते असू दे भाऊ, तू झोपतो कव्हा?' दिवसाला चार तास, तेही तुकड्या-तुकड्यांत. मित्र गप्प.

आजीचा प्रश्न अगदी शास्त्रीय आहे बरं का. शिकागो विद्यापीठातल्या एरिन हॅनलन यांच्या टीमनं २०१६ मध्ये १४ निरोगी तरुणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार रात्री अंथरुणात साडेआठ तास, आणि मग चार रात्री फक्त साडेचार तास. टू-एजीची पातळी तशीही दुपारी वाढते. कमी झोपेनंतर ती जास्त वर गेली आणि संध्याकाळपर्यंत वरच राहिली. पोटभर जेवून दोन तासही झाले नव्हते, तरी या मंडळींना गोड-तेलकट स्नॅक्स आवरेनात. म्हणजे चार वाजताचा तो वडापाव दरवेळी तुमच्या कमकुवत इच्छाशक्तीचा पुरावा नसतो. कधी कधी ती अर्धवट झोपेची वसुली असते.

पळा, पण दम लागून मरू नका

धावल्यावर येणारी किक एंडॉर्फिनची, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. २०२१ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ६३ जणांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं. काहींना एंडॉर्फिन ज्यातून काम करतं ते ओपिऑइड रिसेप्टर बंद करणारं औषध दिलं होतं. तरी मूड खुललाच! रक्तातले एंडोकॅनाबिनॉइड्सही वाढलेले होते. म्हणजे किकच्या मागे बहुधा तेच. आणि त्यासाठी मॅरेथॉन नको, मध्यम वेग पुरतो.

आणि ताटात काय?

इथे मात्र जरा सबुरीनं घ्या. आहाराबद्दलचे बरेचसे पुरावे उंदरांवरचे आहेत. हे रेणू ज्या फॅटपासून बनतात, ते आपल्याला ओमेगा-६ मधून मिळतं; सूर्यफूल, सोयाबीन तेलात ते भरपूर असतं. २०१२ च्या एका प्रयोगात त्याचा मारा केल्यावर उंदरांमध्ये दोन्ही रेणू वाढले आणि उंदीर जाड झाले. म्हणून ते तेल विष ठरत नाही. पण रोजच्या तळणाबरोबर ओमेगा-३ अजिबातच पोटात जात नसेल, तर पारडं एकीकडेच झुकतं. उपाय स्वस्त आहे. जवसाची चटणी, मूठभर अक्रोड, मासे खात असाल तर बांगडा.

मिरी आणि लवंगेत बीटा-कॅरिओफिलीन नावाचा घटक असतो, तो सीबी-२ या दुसऱ्या कुलपाला बसतो, असं २००८ मध्ये दिसलं. खानदेशी काळ्या मसाल्यात दोन्ही असतात! पण लगेच शेवभाजीला औषध म्हणू नका. तिच्यावरचा तेलाचा तवंगही मोजायचा असतो. हेम्प सीड्सचंही तसंच. २०२१ पासून भारतात त्या खाद्य म्हणून विकायला परवानगी आहे, प्रोटीन आणि फॅट चांगलं आहे. पण त्यात नशा आणणारं किंवा 'आनंद' देणारं फारसं काही नसतं. आवडल्या तर खा, मूडसाठी पैसे मोजू नका.

हे करून बघा

- आठवडाभर सात-आठ तास झोपा आणि चारची भूक किती राहते ते बघा. नाइट शिफ्ट असेल तर दिवसा जाड पडदा लावून सलग झोप घ्या.
- आठवड्यातून चार-पाच दिवस, घाम येईल पण बोलता येईल अशा वेगानं अर्धा-पाऊण तास चाला, पळा किंवा सायकल मारा.
- तळण आठवड्यातून एखाद-दोनदा. जेवणात जवसाची चटणी रोज चमचाभर.
- शुगर किंवा डिप्रेशनची शंका असेल, तर ड्रॉप्सच्या कंपनीला नाही, डॉक्टरांना विचारा. आधीच काही गोळ्या सुरू असतील तर सीबीडीबद्दल आवर्जून विचारा, कारण ते काही औषधांचा परिणाम बदलू शकतं.

बाकी, वांगी हिवाळ्यातच चांगली मिळतात. यावलकडे कुणी ओळखीचं असेल तर बोलावणं मागून घ्या. आणि जागरण करून जाऊ नका... भरीत जरा जास्तच खाल!