सीमा सुरक्षा दलाचा महासंचालक

महाराष्ट्राला विस्तीर्ण सागरकिनारा लाभला आहे. परराष्ट्राला भिडणारी भूसीमा मात्र नाही. पुणे-सोलापूर मार्गावरील लोणी काळभोरच्या तरुणाला अशी सीमा पाहावयाची झाल्यास कच्छ किंवा राजस्थान गाठावे लागते. तथापि पाकिस्तान व बांगलादेश यांच्या सीमांवर पहारा देणारे सीमा सुरक्षा दल ज्यांच्या हातून उभे राहिले, ते खुस्रो फरामुर्ज रुस्तमजी नागपूर जिल्ह्यातील कामठीचे. त्यांचा जन्म १९१६ चा. महासंचालकाचे काम नेमके काय, हे नियमपुस्तकापेक्षा त्यांच्या कारकिर्दीवरून अधिक चांगले कळते.

१९६५ पर्यंत पाकिस्तानलगतची सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस राखीत. प्रत्येकाची शिस्त निराळी, शस्त्रे निराळी. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणातील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला चढविला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी तेथे शौर्याने झुंज दिली. परंतु पोलिसी व्यवस्थेतील उणिवाही उघड झाल्या. सीमेसाठी एकच केंद्रीय दल असावे, असे ठरले आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दल अस्तित्वात आले.

त्याची धुरा रुस्तमजींकडे आली. १९३८ मध्ये ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या पोलीस सेवेत दाखल झाले होते. १९५२ पासून काही वर्षे पंडित नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख आणि त्यानंतर मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक, ही त्यांची शिदोरी. निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या तुकड्यांतून एकजीव दल घडविणे, हे खरे अवघड काम होते. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९६६ मध्ये प्रशिक्षण अकादमी सुरू झाली.

हे पद लष्करी अधिकाऱ्याकडे का नाही, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. शांततेच्या काळात सीमेवर शत्रूच्या सैन्यापेक्षा तस्कर, घुसखोर आणि मुख्यतः तेथे राहणारी, शेती करणारी माणसे यांच्याशी अधिक संबंध येतो. त्यांना सुरक्षित वाटावे, हे या दलाचे पहिले कर्तव्य होय. युद्धकाळी मात्र दल लष्कराच्या आदेशाखाली लढते. १९६८ च्या कायद्यानुसार देखरेख व नियंत्रण केंद्र सरकारचे आणि त्या अधीन राहून दलाचे आधिपत्य महासंचालकाचे. सुमारे ६,३८६ किलोमीटर सीमेवरील चौक्या, भरती, प्रशिक्षण, शिस्त, जवानांचे कल्याण आणि शेजारी देशांच्या सीमादलांशी वाटाघाटी, एवढा हा पसारा आहे. झडती व अटकेचे अधिकार दलाला ठराविक पट्ट्यापुरते असतात. पकडलेला इसम पुढील तपासासाठी संबंधित यंत्रणेच्या हवाली करावा लागतो. स्थानिक पोलिसांशी सलोखा राखणे म्हणूनच महासंचालकाला टाळता येत नाही.

नेमणूक साधारणतः भारतीय पोलीस सेवेतील ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून होते. सहायक समादेशक म्हणून दलात प्रवेश करून आयुष्य सीमेवर घालविणाऱ्या अधिकाऱ्यांना याची खंत वाटते. ती अकारण आहे, असे म्हणता येणार नाही.

रुस्तमजींची कसोटी १९७१ मध्ये लागली. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. त्यांची संख्या पुढे एक कोटीच्या घरात गेली. मार्चअखेरीस ताजुद्दीन अहमद सीमा ओलांडून आले, तेव्हा त्यांना प्रथम भेटले ते याच दलाचे अधिकारी. रुस्तमजी स्वतः तातडीने कलकत्त्यास पोहोचले. १७ एप्रिल रोजी बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. मुक्तिसैनिकांना प्रारंभीचे साहाय्यही या दलाने केले. पुढे ते काम लष्कराने हाती घेतले.

१९७४ मध्ये ते या पदावरून दूर झाले. नंतर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य असताना त्यांनी बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांविषयी वृत्तपत्रात लिहिले. त्यातूनच १९७९ चा हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी हजारो कैद्यांची सुटका झाली. १९९१ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.