गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

चातुर्मासात मुनिसंघाच्या दर्शनाला, पर्युषणानंतर नातलगांकडे क्षमापनेला, हिवाळ्यात कुंथलगिरीच्या किंवा मांगी-तुंगीच्या वंदनेला असा जैन कुटुंबांचा प्रवास वर्षभर चालू असतो. या प्रवासात आता घरची मोटार असते आणि गेल्या काही वर्षांत त्या मोटारीतून क्लचचे पेडल नाहीसे होऊ लागले आहे. २०१४ साली मारुती सुझुकीने ‘सेलेरिओ’ या छोट्या मोटारीत एएमटी पद्धती आणली आणि स्वयंचलित गिअर ही केवळ श्रीमंतांच्या गाडीतली सोय राहिली नाही. गुडघेदुखीने त्रस्त ज्येष्ठांना आणि शहराच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्यांना तिचा मोठा दिलासा मिळाला.

मात्र अशी गाडी गिअर बदलताना धक्का देऊ लागली, चढावर ओढेनाशी झाली किंवा वळणावर पुढच्या चाकातून ‘टक्-टक्’ आवाज येऊ लागला, की मालक गोंधळून जातो. ‘गिअरबॉक्स गेला, नवा बसवावा लागेल,’ असे कोणी सांगितले की त्याला प्रश्न तरी कोणता विचारावा हे सुचत नाही. मोठ्या दुरुस्तीचा खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी एक गोष्ट ध्यानी ठेवणे हिताचे ठरते : गिअरबॉक्स बदलण्याचा निर्णय तपासणीच्या शेवटी यावा, आरंभी नव्हे. पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर, एखाद्या स्वस्त भागात दडलेला असतो.

नाव एक, यंत्रे चार

ज्याला आपण सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, त्यात किमान चार वेगवेगळी यंत्रे येतात. एएमटीमध्ये गिअरबॉक्स नेहमीचाच असतो. फक्त क्लच दाबणे आणि गिअर पाडणे ही कामे यंत्र करते. त्यामुळे तिची क्लच प्लेट साध्या गाडीसारखीच झिजते व बदलता येते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअर नसतात. दोन शंक्वाकार पुल्यांमधून पोलादी पट्टा किंवा साखळी सरकते आणि वेगाचे प्रमाण सलग बदलत राहते. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांसाठी, दुसरा सम गिअरांसाठी. त्यातील कोरड्या क्लचचा प्रकार कासवगतीच्या वाहतूक कोंडीत लवकर तापतो. चौथा आणि सर्वांत जुना प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना मुख्यतः तेल जोडते. बंद कवचात समोरासमोर दोन पंखे असतात. इंजिनाने फिरणारा पंखा तेल फेकतो आणि त्या प्रवाहाने दुसरा फिरतो. मधला तिसरा पंखा परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवतो. जर्मन अभियंते हेर्मान फोटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी ही कल्पना विकसित केली. पुढे १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने ‘हायड्रामॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्यात फिरत्या तेलाने जोडणारा साधा कपलिंग होता.

या गिअरबॉक्समध्ये मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेर दातेरी कडे अशी रचना असते. यांपैकी कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते सोडायचे, यावर गिअर ठरतो. धरण्याचे काम तेलाच्या दाबाने आवळल्या जाणाऱ्या क्लच प्लेट करतात. तो दाब ‘व्हॉल्व्ह बॉडी’च्या बारीक वाटांतून जातो आणि त्या वाटांवर विजेने चालणारे सोलेनॉइड पहारा देतात.

तेलाची साक्ष

म्हणूनच या यंत्रात तेल केवळ वंगण नसते. ते शक्ती वाहते, क्लच आवळते, उष्णता बाहेर नेते आणि झिजेचे कण चुंबकापर्यंत पोहोचवते. निरीक्षणाची सुरुवात तेलापासूनच व्हायला हवी. नवे एटीएफ बहुधा लालसर असते, पण काही कंपन्यांचे तेल वेगळ्या रंगाचेही असते. काळपट आणि जळका वास येणारे तेल क्लच तापल्याची खूण देते. दुधाळ गुलाबी तेल म्हणजे त्यात पाणी शिरल्याची शंका. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी आतून फुटली तर असे होऊ शकते. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असणे स्वाभाविक आहे. चमकते तुकडे आढळले तर मात्र आत काहीतरी मोडले आहे असे समजावे.

तेलाची पातळी पाहण्याची रीतही गाडीगणिक बदलते. काही गाड्यांत इंजिन गरम व चालू ठेवून पाहायचे असते, काहींत बंद करून. अनेक नव्या गाड्यांत पट्टीच नसते. तेल विशिष्ट तापमानाला आले असताना खालचा बूच उघडून पातळी ठरवावी लागते. म्हणून गाडीसोबत आलेली पुस्तिका हीच पहिली मार्गदर्शक होय. तेलाचा प्रकारही तिच्यात लिहिलेलाच असावा. सीव्हीटीत साधे एटीएफ किंवा एटीएफच्या जागी जाड गिअर ऑइल घातले, तर वाचलेल्या शेकडो रुपयांची भरपाई लाखांत करावी लागू शकते. तेल खाली सोडून नवे भरले तरी कन्व्हर्टरमध्ये जुने तेल उरतेच. म्हणून काही कारागीर थोड्या अंतराने हे काम दोन-तीनदा करतात.

रबराचा बूट

गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती पुढच्या चाकांपर्यंत नेण्याचे काम दोन ड्राइव्ह शाफ्ट करतात. चाक खड्ड्यात वरखाली होते, वळताना तिरके होते, तरी शक्तीचा ओघ एकसारखा राहावा लागतो. त्यासाठी प्रत्येक शाफ्टच्या दोन्ही टोकांना विशिष्ट सांधे असतात. चाकाकडच्या सांध्यात बहुधा सहा पोलादी गोळ्या वक्र खोबणींतून फिरतात. अल्फ्रेड झेप्पा यांनी हा सांधा १९२० च्या दशकात रचला आणि १९५९ सालच्या ब्रिटिश ‘मिनी’ने पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारीत त्याचा उपयोग रूढ केला.

हा सांधा ग्रीजमध्ये बुडालेला असतो आणि त्यावर घडीदार रबराचा बूट चढवलेला असतो. साऱ्या शाफ्टचे आयुष्य या रबरावर अवलंबून असते. बूट चिरला की फिरण्याच्या वेगाने ग्रीज बाहेर उडते आणि चिरेतून धूळ व पाणी आत जाते. आवाज नसताना, केवळ चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीजचे शिंतोडे दिसत असताना हे लक्षात आले, तर बूट, ग्रीज आणि दोन पट्ट्या बदलून काम भागते. ‘टक्-टक्’ सुरू झाल्यावर मात्र खोबणी झिजलेल्या असतात. नवा बूट घालून तो आवाज जात नाही, सांधा किंवा पूर्ण शाफ्टच बदलावा लागतो. दुर्लक्ष पुढे चालू राहिले तर सांधा निखळून गाडी रस्त्यातच बंद पडू शकते.

दुखणे नेमके कोठे?

लक्षणे सारखी दिसली तरी कारणे वेगळी असतात. मोकळ्या जागी, हळू वेगात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवल्यावर आवाज आला तर संशय चाकाकडच्या सांध्यावर जातो. सरळ रस्त्यावर वेग वाढवताना गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडताच थांबते, तर गिअरबॉक्सकडचा सांधा तपासावा. मध्यम, एकसारख्या वेगात खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली आणि ब्रेकच्या पेडलला हलकासा स्पर्श करताच ती नाहीशी झाली, तर टॉर्क कन्व्हर्टरमधील लॉक-अप क्लच किंवा जुने झालेले तेल कारणीभूत असू शकते. ‘पी’मधून ‘डी’मध्ये टाकताना जोरात ठोका बसला, तर इंजिनाचे माउंटिंग फाटले आहे का, हेही पाहायला हवे.

गाडी अचानक एकाच गिअरमध्ये अडकली तरी हबकून जाऊ नये. दोष जाणवल्यावर संगणकाने यंत्र वाचवण्यासाठी घेतलेली ती खबरदारी असते. स्कॅनर लावून दोषाचा कोड वाचावा. कमकुवत बॅटरी, सैल जोड किंवा एखादा सोलेनॉइड एवढ्यावरही प्रकरण मिटू शकते.

काम करताना

शाफ्ट काढण्याचे काम दिसायला सोपे, पण त्यात शिस्त लागते. गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. भक्कम स्टँड अनिवार्य आहेत. शाफ्ट बाहेर येताच गिअरबॉक्समधून तेल सांडते, म्हणून आधी तेल काढावे आणि काम झाल्यावर पातळी पुन्हा साधावी. सांध्याला धरून शाफ्ट ओढू नये, तो लोंबकळत ठेवू नये. परत बसवताना शाफ्टच्या दात्यांनी ऑइल सीलची कड कापली गेली तर नवी गळती सुरू होते. म्हणून सील आणि सर्क्लिप नवीच घालणे शहाणपणाचे. चाकाचा मधला मोठा नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. तो अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावा. नट ढिला राहिला तर बेअरिंग जाते आणि प्रवाशांच्या जिवालाही धोका पोहोचतो.

गिअरबॉक्स उघडावाच लागला तर जागेची स्वच्छता शस्त्रक्रियेसारखी हवी, कारण कापडाचा एखादा धागाही व्हॉल्व्ह अडकवू शकतो. क्लच जळलेला असेल तर तेल थंड करणारा कूलर धुतला नाही, तर जुने कण नव्या यंत्रात परततात. कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला नसताना बोल्ट आवळले, तर पंप तुटतो. काम कोणाकडे द्यावे हे ठरवताना मालकाने या गोष्टी मोकळेपणाने विचाराव्यात, लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि बदललेले जुने भाग पाहावेत.

ओढणे आणि पूर

इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंपही बहुधा बंद असतो. म्हणून पुढची चाके जमिनीवर ठेवून स्वयंचलित गाडी दोरीने दूरवर ओढत नेणे टाळावे; सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूर परिसरात पाणी घरांत आणि गाड्यांतही शिरले होते. अशी बुडालेली गाडी पाणी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह घातक ठरतो. हवा जाण्याच्या नळीतून गिअरबॉक्समध्ये पाणी गेले असेल, तर क्लच प्लेटवरचे कागदी अस्तर ते शोषून घेते आणि सुटू लागते. बॅटरी तोडून ठेवावी, इंजिन सुरू न करता गाडी उचलून न्यावी आणि आधी तेल तपासावे.

व्यवहार आणि व्रत

समाजातील अनेक कुटुंबे सुट्या भागांच्या आणि वंगणाच्या व्यापारात आहेत. त्यांच्यासाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, म्हणजे अस्सलाच्या नावाने नकली देणे. नामांकित कंपनीच्या डब्यात भलतेच तेल, न बदललेल्या सीलचे बिल किंवा अकारण बदलायला लावलेला गिअरबॉक्स, ही त्याचीच आजची रूपे होत. दुकानाच्या फलकावर तीर्थंकरांचे नाव असेल, तर त्या दुकानातल्या डब्यातले तेलही त्या नावाला शोभावे.

वापरलेल्या तेलाचा प्रश्नही असाच. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. गटारात किंवा परसात ओतलेले तेल माती, पाणी आणि त्यातील असंख्य जिवांची हानी करते. ज्यातून कोणाचेही हित साधत नाही अशी ही हिंसा अनर्थदंडविरतीच्या कक्षेतच येते. गॅरेजमध्ये तेल बदलून घेताना ‘जुने तेल कोठे जाते?’ हा प्रश्न प्रत्येक श्रावकाने विचारायला हरकत नाही.

मुनिमहाराज कमंडलू उचलण्यापूर्वी आणि ठेवण्यापूर्वी पिच्छीने जागेचे प्रतिलेखन करतात. गृहस्थाला तेवढी सूक्ष्मता साधणार नाही, हे खरे. पण दर सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी रॅम्पवर असताना चार बूट डोळ्यांखालून घालावेत, गिअरबॉक्सच्या बुडाशी ओल आहे का ते पाहावे आणि तेल कोणत्या किलोमीटरला बदलले याची नोंद वहीत ठेवावी, एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे. या पाच मिनिटांच्या कामाने कुटुंबाची बचत वाचते, वापरण्याजोगे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचते आणि प्रवासाला निघालेली घरची माणसे सुखरूप परत येतात.