ओ-पेअरनंतर शिकायचे म्हटले तर

वस्तीतल्या एक मावशी परवा आमच्याकडे आल्या. बी.कॉम. झालेली त्यांची लेक जर्मनीत ओ-पेअर आहे. म्हणजे तिथल्या कुटुंबात राहून मुले सांभाळायची, बदल्यात राहणे-जेवण आणि महिना 280 युरो हातखर्च. आता तिला तिथेच शिकायचे आहे. "परत यावं लागंल का हो भाऊ?" मावशींना हीच काळजी.

ओ-पेअरचा परवाना फार तर 12 महिन्यांचा. मात्र तो संपण्याआधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करता येतो. विद्यापीठाचे प्रवेशपत्र व आरोग्य विमा लागतो. अर्ज मुदतीत पडला तर निकाल लागेपर्यंत राहता येते.

खरी अडचण पैशाची. 2025 च्या हिशेबाने वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात, नाहीतर शिष्यवृत्ती किंवा तिथल्या कुणाची लेखी हमी. आम्ही पडलो कारकून. लगेच बेरीज मांडली. हातखर्चातली दमडी न मोडता वर्षाचे होतात 3,360!

शिवाय 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते. त्याला वेळ जातो, म्हणून ते आधी लावा, असे आम्ही सांगितले. मावशींनी पिशवीतून गुणपत्रिकांचा गठ्ठाच काढला.