हायब्रिड गाडीची मोठी बॅटरी घरी खोलताय? आधी हे वाचा

अहिल्यानगर : शिर्डी-शनिशिंगणापूर रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहा, एखादी तरी इनोव्हा हायक्रॉस समोरून जाईल. यातल्या बऱ्याच हायब्रिड आहेत आणि भाविकांच्या फेऱ्या मारतात. हायब्रिड बॅटरीची कंपनीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी येईल ते. घरच्या गाडीला ८ वर्षं पुरतात. पण रोज ३०० किलोमीटर पळणारी गाडी दीड वर्षातच १ लाख ६० हजार पार करते. दुसरीकडे पुण्या-मुंबईहून जुनी कॅमरी हायब्रिड किंवा प्रियस स्वस्तात आणणारेही आहेत. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, नव्या बॅटरीचा आकडा ऐकून घाम फुटतो आणि मोबाईलवर ‘बॅटरी घरी दुरुस्त करा’चा व्हिडिओ सापडतो.

व्हिडिओत दाखवतात ते खोटं नसतं. पण त्यातली एक गोष्ट नीट सांगितली जात नाही. तिच्याकडे येऊच, आधी बॅटरी समजून घेऊ.

एक बैल बसला की

हायक्रॉस, जुनी प्रियस आणि जुनी कॅमरी यांच्यात निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी असते. एक सेल १.२ व्होल्टचा. सहा सेलचं एक मॉड्यूल, ७.२ व्होल्टचं. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये अशी २८ मॉड्यूल एकामागे एक जोडलेली, म्हणजे २०१.६ व्होल्ट. कॅमरीत ३४, म्हणजे अडीचशेच्या आसपास.

एका नांगराला २८ बैल जुंपलेत आणि त्यातला एक बसला, तर बाकीचे २७ धडधाकट असून उपयोग नाही. इथंही तसंच. गाडीचा कॉम्प्युटर बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही, पूर्ण रिकामीही करू देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांत खेळवतो. वर्षानुवर्षं असं चाललं की सेल एकमेकांच्या मागेपुढे पडतात, उष्णतेनं आणखी लवकर. ‘रिकंडिशनिंग’ म्हणजे प्रत्येक मॉड्यूल सुटं करून हळूहळू पूर्ण भरायचं, पूर्ण उतरवायचं, असं तीनेक वेळा. मग किती दम राहिला ते मोजायचं, मेलेली मॉड्यूल बदलायची, सगळ्यांची पातळी सारखी करायची आणि गंजलेल्या तांब्याच्या पट्ट्या घासून परत बसवायच्या.

एका छोट्या चार्जरवर २८ मॉड्यूलना सहज महिना जातो. त्यात आपल्याकडं रात्री लाइट गेली की चार्जरचा हिशोब मोडतो. मॉड्यूल दोन्ही बाजूंनी आवळून न ठेवता चार्ज केलं तर फुगतं. आणि एवढं करूनही बाकीची मॉड्यूल तितकीच म्हातारी असतात. आज एक बदललं, चार-सहा महिन्यांत दुसरं बसतं. गाडी विकेपर्यंत ढकलायची असेल तर ठीक. शिर्डीला रोज प्रवासी न्यायचे असतील तर परवडत नाही.

इथं वायरमन फ्यूज काढू शकत नाही

आता ती गोष्ट. शेतातली मोटर दुरुस्त करताना आपण डीपीवरचा फ्यूज काढतो, करंट बंद होतो, मग स्टार्टरला हात लावतो. हायब्रिड गाडीत नारंगी रंगाचा सर्व्हिस प्लग असतो, तो काढला की बॅटरी ‘बंद’ झाली असं वाटतं. ती बंद होत नाही. प्लग फक्त साखळी मधून तोडतो. दोन्ही भागांत व्होल्टेज जिवंतच राहतो. इथं करंट खांबावरून येत नाही, समोरच्या पेटीतच साठलेला आहे. शिवाय इन्व्हर्टरमधला चार्ज उतरायला दहा मिनिटं थांबावं लागतं, ते वेगळं.

हा डी.सी. करंट आहे. ए.सी.ची ठिणगी लवकर विझते, डी.सी.ची धरून राहते. पाना दोन टोकांवर आडवा पडला तर वितळतो. हातातली अंगठी किंवा कडं असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. एक हजार व्होल्टसाठी तपासलेले रबरी हातमोजे, इन्सुलेशनची हत्यारं आणि शेजारी एक जाणता माणूस, एवढं नसेल तर झाकण उघडू नका. किराणा दुकानातले हातमोजे चालत नाहीत. आतलं रसायन बाहेर आलं तर ते ॲसिड नसतं, कॉस्टिकसारखं असतं. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियम बॅटरी आहे. तिच्या बाबतीत घरी प्रयोगाचा विषयच काढू नका, ती पेटली तर आवरत नाही. आणि एर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय म्हणून घाबरू नका. तिचं काम १२ व्होल्टवर चालतं.

घरी काय करता येतं

नगरचा माणूस हत्यार हातात धरल्याशिवाय राहत नाही. लूना बनवणाऱ्या गावाला ते शोभतंही. तर ही कामं करा. बॅटरीला थंड हवा देणारा पंखा आणि त्याची जाळी साफ करा. सीटजवळची ही जाळी ऊसतोडीच्या दिवसांतल्या रस्त्याच्या धुळीनं गच्च होते, बॅटरी तापते आणि लवकर म्हातारी होते. कुठं आहे ते गाडीच्या पुस्तकात बघा. मग साधी १२ व्होल्टची बॅटरी तपासा. ती कमजोर असली तरी गाडी चालू होत नाही, आणि लोक मोठ्या बॅटरीच्या नावानं ओरडतात.

ओबीडी स्कॅनर लावून मोबाईलवर प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज पाहता येतो. चढावर जोर दिल्यावर एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली गेला तर आत एक सेल मेलाय, असं धरा. ही माहिती हातात असली की गॅरेजवाला तुम्हाला फिरवू शकत नाही.

बाहेर रिकंडिशनिंग करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी विचारा : प्रत्येक मॉड्यूलचा दम लोडवर मोजलाय का, आकडे लेखी देणार का, किती मॉड्यूल बदलली, किती महिन्यांची हमी? ‘सगळं चेक केलंय भाऊ’ एवढंच उत्तर आलं तर गाडी परत घेऊन या. काढलेली मॉड्यूल भंगारवाल्याला किंवा उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं रिसायकलिंग करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळं डीलरकडं जमा करा आणि पावती घ्या.